सेडियाला स्ट्रट बार घरीच बसवला: गंगापूर रोडच्या पार्किंगमधला उद्योग

घाटवळण (रविवार, रात्री ९:४०)

दिवाळीच्या बोनसातून बायकोने वॉशिंग मशीन घेतलं आणि मी साडेपाच हजारांचा लोखंडी दांडा घेतला. त्यावरून घरात काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. दांड्याबद्दल लिहितो.

गाडी मित्सुबिशी सेडिया, २००८ ची, एमएच १५. हिंदुस्थान मोटर्सच्या चेन्नईजवळच्या कारखान्यात बनायची ती, दोन लिटर पेट्रोल. पंधरा वर्षं झाल्यावर २०२३ मध्ये पेठ रोडला आरटीओत नेऊन पाच वर्षांसाठी पुन्हा पास करून आणलीय. त्यामुळे "अजून ठेवलीस का" हा प्रश्न कृपया कोणी विचारू नये. नाशकात रॅली ऑफ महाराष्ट्रच्या वेळी धुळीत उभं राहून ज्यांनी सेडिया वळणावर आडवी जाताना पाहिलीय, त्यांना उत्तर ठाऊक आहे.

दुखणं असं की नांदुरीहून सप्तशृंगी गड चढताना गाडी पूर्वीसारखी वळत नाही. स्टिअरिंग फिरवलं की पुढचा भाग आधी जरा विचार करतो, मग वळतो. सरळ रस्त्यावर काही जाणवत नाही. मित्र म्हणाला, जुन्या गाडीचं चेसिस सैल पडतं, स्ट्रट बार टाक. मागवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बोनेट उघडलं की डावी-उजवीकडे दोन उंच घुमट दिसतात, त्यांच्या पोटात पुढचे शॉकअप बसलेले असतात. मॅकफर्सन पद्धतीच्या सस्पेन्शनमध्ये शॉकअपचं वरचं टोक थेट बॉडीला टेकतं. त्यामुळे वळणावर बाहेरच्या चाकावर येणारा आडवा रेटा खाली लोअर आर्ममधून (चाकाला बॉडीशी जोडणारी खालची दांडी) आणि वर या घुमटातून बॉडीत जातो. घुमट पत्र्याचाच, तो किंचित आत-बाहेर होतो. दोन घुमटांमध्ये आडवा दांडा टाकला की एकट्याला हलता येत नाही, दुसऱ्यालाही बरोबर घ्यावं लागतं. बस, एवढीच कल्पना आहे.

आता काम. इंजिन पूर्ण थंड, गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर. हे मुद्दाम ठळक लिहिलंय. माझ्या गाडीत प्रत्येक घुमटावर तीन नट आहेत आणि मधोमध एक मोठा नट. मधल्याला अजिबात हात लावायचा नाही, त्याच्याखाली स्प्रिंग दाबून बसलेली आहे. बाजूचे तीन नट काढले तरी चाकं जमिनीवर असतील तर गाडीचं वजनच शॉकअपला वर दाबून धरतं. गाडी जॅकवर असताना हे तीन काढलेत तर तो खाली घसरतो आणि मग आटे पुन्हा भोकात आणायला शेजाऱ्याला हाक मारावी लागते.

चौदाची गोटी (नटावर बसणारा सॉकेट), लांब एक्स्टेंशन, रॅचेट (तो फिरवायचं हॅंडल). आधी प्रत्येक नटाभोवती पांढऱ्या मार्करने खूण करून घेतली, कारण भोकांत थोडी ढिलाई असते आणि वरचं टोक सरकलं की चाकाचा कल बदलतो. डावी बाजू दहा मिनिटांत झाली. उजवीकडे ब्रेकचा मास्टर सिलिंडर आडवा येतो, तिथे रॅचेटला अर्धा वळसासुद्धा मिळत नाही. तिथे रिंग पाना घेऊन एकेक दात फिरवत बसलो. तिसरा नट निसटला आणि इंजिनाखालच्या पत्र्यात कुठेतरी टण्ण करून गेला. पाऊण तास चुंबक दोरीला बांधून विहिरीत बादली शोधावी तसा शोधत होतो. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही मासे पकडताय का.

पुढची गंमत म्हणजे डावी प्लेट बसल्यावर उजवीकडची भोकं जुळेनात. जेमतेम फरक, पण नट आटा पकडेना. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे "थोडी कानस मारा". मारणारच होतो. तेवढ्यात सुचलं म्हणून डावीकडचे नटही दोन-तीन आट्यांवर सैल करून ठेवले, बोनेटच्या कडेला दोन्ही हातांनी गाडी चार वेळा दाबली, आणि उजवीकडची प्लेट आपोआप बसली. मग सहाही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळले, शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याला.

बसवून झाल्यावर गंगापूर धरणापर्यंत फेरी मारली. फरक जाणवतो. वळणात शिरताना पुढचा भाग लगेच ऐकतो. पैसे वसूल.

फोटो उद्या टाकतो. प्रश्न असतील तर विचारा.

चहाबाज (रविवार, रात्री १०:०५)

साडेपाच हजार दिल्यावर फरक जाणवला नसता तर नवल. :)

सिन्नरकर (रविवार, रात्री १०:२२)

छान लिहिलंय. माझ्याकडे जुनी हॅचबॅक आहे. घुमटावर तीन नट दिसत नाहीत, रबराच्या टोपीखाली मधला एकच दिसतो. मग बार कसा बसेल?

घाटवळण (रविवार, रात्री १०:३०)

@सिन्नरकर, अशा गाड्यांत शॉकअपचं वरचं रबरी माउंटिंग खालून घुमटात बसतं आणि मधल्या नटावरच सगळं असतं. त्यांच्यासाठी वेगळ्या बनावटीच्या प्लेट येतात. तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेला बार मिळाला तरच घ्या, "बसून जाईल" म्हणणाऱ्याचा घेऊ नका. आणि मधला नट घरी उघडायचा नाही म्हणजे नाही.

टूलरूमकाका (सोमवार, सकाळी ६:५०)

तीस वर्षं सातपूरला टूलरूममध्ये काढली, म्हणून चार शब्द.

कानस मारली नाहीस हे फार बरं केलंस. ढिलं भोक करून बसवलेला दांडा म्हणजे दारावर लावलेली निव्वळ शोभेची कडी. बारचा उपयोग प्लेट आणि घुमट यांच्यातल्या पकडीवर अवलंबून असतो. ती पकड सैल असेल तर दांडा कितीही जाड घे.

दोन गोष्टी विचारतो. प्लेटच्या खालच्या अंगाला पावडर कोटिंग आहे का? असेल तर ते नटाच्या दाबाखाली हळूहळू दबतं आणि आवळलेला नट आठवडाभरात सैल होतो. खालचा रंग खरवडून नागडं लोखंड घुमटाला लागलं पाहिजे, गंज लागू नये म्हणून वर ग्रीसचा हात फिरव. आणि दुसरं, प्लेट पाच-सहा मिलिमीटरची असेल, तेवढी जाडी मध्ये आल्यावर नटाच्या वर किती आटे दिसतात? निदान दोन तरी दिसायला हवेत. नटाच्या आत बुडालेला आटा मला चालत नाही.

घाटवळण (सोमवार, सकाळी ८:१५)

काका, आटे नटाच्या वर अडीच दिसतायत. पण कोटिंग आहे आणि मी खरवडलेलं नाही. आज संध्याकाळी पुन्हा उघडतो.

वणीची_वाट (सोमवार, दुपारी १:१०)

बोनेट नीट बंद होतं का तपासलंस? आमच्या ह्यांनी बार बसवून हौसेने धाडकन बोनेट लावलं आणि मधोमध आतून बाहेर एक पोचा आला. पेंटरने अठराशे घेतले. सोपी युक्ती सांगते. घट्ट मळलेल्या कणकेचे चार गोळे बारच्या सगळ्यात उंच जागी आणि प्लेटच्या बोल्टांवर ठेवायचे, वर प्लॅस्टिकचा कागद टाकायचा, बोनेट हळू टेकवून दाबायचं आणि उघडायचं. गोळा किती चेपला त्यावरून मध्ये जागा किती उरते ते कळतं. बोटाच्या पेराएवढी तरी हवी.

चहाबाज (सोमवार, दुपारी १:२५)

कणीक नंतर पोळ्यांना वापरली का?

वणीची_वाट (सोमवार, दुपारी १:३१)

ह्यांना त्याच्याच केल्या.

टूलरूमकाका (सोमवार, दुपारी २:४०)

ताईंची युक्ती पक्की आहे. आणखी एक त्यात जोडा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, ते हलतं. आडव्या बसवलेल्या इंजिनात ॲक्सिलरेटर दिला की ते पुढे-मागे झुलतं. कोणाला तरी ब्रेक दाबून गाडी सुरू करायला लाव, हॅंडब्रेक ओढून क्लच किंचित सोडायला सांग आणि तू बाजूला, गाडीच्या समोर नव्हे, उभा राहून बघ की इंजिनाचा कुठला भाग दांड्याजवळ येतो. इंचभर फट हवी. नाहीतर खड्ड्यात आवाज येईल आणि तू शॉकअप बदलत बसशील.

पाथर्डीफाटा (सोमवार, रात्री ९:००)

अनुभवाने सांगतो, हे सगळं कायद्याने बंद आहे. आरटीओने धरलं तर गाडी जप्त.

एलएलबी_नापास (सोमवार, रात्री ९:४५)

जप्तीची भीती कशाला घालताय. मुद्दा असा की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हीच बाजू उचलून धरली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ च्या चौथ्या पोटकलमात परवानगीबाहेरच्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, असं म्हटलंय. न कापता, न जोडता नुसता बोल्टने लावलेला दांडा यात मोडतो का यावर वाद घालता येईल. मी तरी त्या भरवशावर राहणार नाही. मूळ नट आणि वॉशर जपून ठेवा आणि पासिंगला नेण्याआधी दांडा काढा.

याहून महत्त्वाचं म्हणजे विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरने बोनेट उघडलं आणि यादीत नसलेली वस्तू दिसली की क्लेमला फाटे फुटतात.

घाटवळण (सोमवार, रात्री ११:५०)

आज पुन्हा उघडला. काका, तुमचं बरोबर निघालं. एका रात्रीत आणि तीस-चाळीस किलोमीटरमध्ये दोन नट आधीच हलके लागले. प्लेटच्या पोटातलं कोटिंग नटाखाली चेपून कडेला आलं होतं. वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने खरवडून काढलं.

पण खरी गोष्ट वेगळीच सापडली. प्लेट काढून डावीकडच्या घुमटाच्या भोकात बॅटरी मारली तर मधल्या नटाभोवतीचं रबर फाटलेलं दिसलं. अर्ध्या गोलात चीर. मुलीला आत बसवून स्टिअरिंग फिरवायला लावलं तर मधला भाग रबरात डुगडुगतो. काल बसवताना माझं सगळं लक्ष त्या हरवलेल्या नटात होतं, हे दिसलंच नाही.

म्हणजे मी फाटक्या रबरावर साडेपाच हजारांचा दांडा ठेवला.

टूलरूमकाका (मंगळवार, सकाळी ६:४०)

हेच होणार होतं. पंधरा-सोळा वर्षांच्या गाडीत चेसिस सैल पडतं असं लोक म्हणतात. पत्रा सैल पडत नाही, रबर पडतं. वरचं माउंट गेलं असेल तर लोअर आर्मचे बुशही (सांध्यातली रबरं) बघ. घोडी (गाडीखालचा स्टँड) लावून चाक वर घे, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. बुशाजवळ टॉमी (लोखंडी पहार) घालून हलव. मागच्या बुशात चीर दिसली की ओळख पटली. घड्याळातल्या सहाच्या आणि बाराच्या जागी धरून चाक हलवलंस तर बॉल जॉइंटही (आर्म आणि चाकामधला गोल सांधा) कळेल.

घाटवळण (गुरुवार, रात्री १०:१०)

दोन्ही वरची माउंट आणि दोन्ही लोअर आर्मचे मागचे बुश गेलेत. स्प्रिंग दाबायचं काम असल्यामुळे हे मी घरी केलं नाही, अंबडच्या एका गॅरेजमध्ये करून घेतलं. स्प्रिंग कॉम्प्रेसर निसटला तर काय होतं हे एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायची हौस नाही. मजुरीसकट खर्च दांड्याहून जास्त झाला. दांडा अजून बसवलेला नाही, खोलीत कपाटामागे उभा आहे. आता आधी दांड्याशिवाय, मग दांड्यासकट चालवून बघतो.

सिन्नरकर (गुरुवार, रात्री १०:३५)

मध्येच एक शंका. मी सिन्नर एमआयडीसीत आहे, मित्राचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. बार बनवून घेतला तर? त्याच्याकडे ॲल्युमिनियमचा जाड पाइप पडलाय, हलकाही होईल.

टूलरूमकाका (शुक्रवार, सकाळी ७:०५)

लोखंड ताणायला जितकं जड, त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच ॲल्युमिनियम. पोलादाचा स्थितिस्थापक गुणांक सुमारे २०० गिगापास्कल, ॲल्युमिनियमचा ७०. म्हणजे तेवढीच ताठरता हवी तर पाइप बराच जाड घ्यावा लागेल, हलकेपणाचा फायदा तिथेच संपला. मुख्य म्हणजे आकार. एका घुमटावरून दुसऱ्यावर सरळ जाणारा दांडा रेटा लांबीच्या दिशेने घेतो, त्यात तो बलवान. इंजिनावरून कमान करून नेला की रेटा पडला की कमान वाकते. बाजारातले किती तरी सुंदर बार अशा कमानीचे असतात. टोकाला प्लेटशी एकाच बोल्टवर झुलणारा सांधा असेल तर पिळाला तो काहीच मदत करत नाही, फक्त आत-बाहेरचं धरतो.

जमलं तर सरळ, एकसंध, पोलादी नळी आणि प्लेटला पूर्ण गोल वेल्ड. आणि हो, घुमटाला वेल्ड करू नकोस. कोणी सुचवेल. गाडीच्या पत्र्यात आता जास्त ताकदीची पोलादं असतात, उष्णतेने ती आजूबाजूला नरम पडतात.

सिन्नरकर (शुक्रवार, सकाळी ७:२०)

काका, कोणीतरी सुचवलंच होतं. :)

इंजि_कॉलेजरोड (शुक्रवार, दुपारी १२:००)

काकांच्या मुद्द्याला पुस्ती. बार किती काम करतो हे मूळ बॉडीवर अवलंबून असतं. ज्या गाड्यांत घुमट फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आणि विंडशील्डखालच्या आडव्या पेटीला अगदी चिकटून असतात तिथे ते आधीच बांधलेले असतात, बारने फार काही मिळत नाही. घुमट पुढे, मोकळ्यात उभे असतील तर जास्त. म्हणून "माझ्या गाडीत जबरदस्त फरक पडला" हे वाचून दुसऱ्या गाडीचं ठरवू नका.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही. पुढचं एक टोक जड करून ताठ केलंत आणि मागे काहीच केलं नाही तर गाडीचं वळणातलं संतुलन बदलतं. पुढची चाकं आधी पकड सोडतात की मागची, ते बदलू शकतं. ओल्या घाटात हे आधी हळू वेगाने तपासा. आणि समोरून टक्कर झाली तर एका घुमटाचा मार दांड्यातून दुसऱ्या बाजूला जातो. वीस हजारांचं काम चाळीसचं होऊ शकतं.

चहाबाज (शुक्रवार, दुपारी १२:१२)

म्हणजे तात्पर्य काय, बार लावू की नको?

इंजि_कॉलेजरोड (शुक्रवार, दुपारी १२:१५)

तुमची गाडी कुठली?

चहाबाज (शुक्रवार, दुपारी १२:१६)

ॲक्टिव्हा.

टूलरूमकाका (शनिवार, सकाळी ७:३०)

घाटवळणा, तुझ्याकडे माझा डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं सुईचं यंत्र) पाठवतो. दोन घुमटांच्या मध्ये लाकडी पट्टीवर बांध, एका टोकाला पक्का, दुसऱ्या टोकाला सुई. बार काढलेला असताना पुढचं एक चाक जॅकने वर घे आणि सुई किती हलते बघ. मग बार लावून तेच कर. एकेक खूण म्हणजे एक शतांश मिलिमीटर. मनाला काय वाटलं ते बाजूला राहू दे.

घाटवळण (रविवार, रात्री ९:२०)

केलं. आधी सांगतो, मुलगी आकडे लिहायला बसली होती आणि तिने पहिल्याच वाचनाला "हे विज्ञान प्रदर्शनात नेऊ या का" विचारलं.

बारशिवाय एक चाक उचलल्यावर सुई दहा-अकरा खुणा सरकली. बार लावून सात-आठ. पण तेच वाचन तिसऱ्यांदा, चौथ्यांदा घेतलं तर बारशिवायच कधी नऊ, कधी बारा येत होतं, जॅक कुठे टेकवला त्यावर. म्हणजे फरक आहे, पण माझ्या मोजण्यातल्या चुकीएवढाच. लाकडी पट्टी ऊन पडल्यावर वेगळी वागत होती हेही खरं.

आज सकाळी रस्त्यावरची चाचणी. ती सोपी नव्हती, कारण मला बार आहे की नाही हे माहीत असतंच. म्हणून बायकोला चालवायला दिली. मी सकाळी सहापासून प्रत्येक फेरीआधी बार लावायचा किंवा काढायचा, बोनेट बंद करायचं आणि तिला सांगायचं नाही. नांदुरी ते गड, तीन वेळा वर, तीन वेळा खाली. मधल्या वेळात नांदुरीच्या टपरीवर चहा. तिने प्रत्येक फेरीनंतर "लागलाय" किंवा "नाही" सांगायचं.

पहिल्या फेरीला बार होता, ती म्हणाली "नाही". दुसऱ्या फेरीला नव्हता, तेव्हा म्हणाली "लागलाय, स्टिअरिंग घट्ट वाटतंय". तिसऱ्या फेरीला होता, म्हणाली "लागलाय". तीनात एक बरोबर. नाणं उडवलं असतं तरी बरं आलं असतं.

पण एक गोष्ट ती न विचारता म्हणाली. गाडी आधी विचार करायची ते आता करत नाही, आणि पहिल्याच फेरीपासून करत नाही. ते रबर आणि बुशचं काम.

वणीची_वाट (रविवार, रात्री ९:३८)

ह्यांना वाचायला दिलं. ह्यांचं म्हणणं, बायको चालवत होती म्हणून. मी आता ह्यांचीच अशी परीक्षा घेणार आहे.

पाथर्डीफाटा (रविवार, रात्री १०:००)

म्हणजे बार फुकट गेला.

घाटवळण (रविवार, रात्री १०:२०)

पूर्ण फुकट म्हणणार नाही. मी स्वतः चालवताना एक ठिकाणी फरक मानतो. कसारा घाट उतरताना लांब डावं वळण आहे, मध्ये रस्त्याला जोड आहे, तिथे एक चाक खड्ड्यात आणि एक बाहेर असतं. आधी डॅशबोर्डमधून एक करकर यायची, ती बार लावल्यावर गेली. माझा अंदाज असा की पुढचा भाग कमी पिळला जातो म्हणून प्लॅस्टिक कमी घासतं. खात्री नाही. आणि समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाल्यापासून कसाऱ्याने उतरायची वेळच फारशी येत नाही, त्यामुळे साडेपाच हजारांची करकर मी वर्षातून चार वेळासुद्धा ऐकली नसती.

टूलरूमकाका (सोमवार, सकाळी ६:५५)

करकरीसाठी पैसे दिले असं समज. एक काम राहिलं. नट पुन्हा आवळलेस का? रंग खरवडल्यावरही शंभर-दीडशे किलोमीटरने एकदा टॉर्क रेंच लावून बघायचा. मार्करची खूण नटावरून प्लेटवर एकसंध रेघ ओढून ठेव, म्हणजे नट हलला तर बोनेट उघडताच दिसेल, रेंच काढायलाही नको. आणि अलाइनमेंट करून घे. बुश बदललेस, माउंट बदललेस, वरचे नट सोडलेस, तिन्ही कारणं पुरेशी आहेत.

घाटवळण (बुधवार, रात्री ८:४५)

अलाइनमेंट झाली. डावं पुढचं चाक टो-आउट (पुढून बाहेर वळलेलं) दाखवत होतं, ते सरळ केलं. दोनशे किलोमीटर झाले, रेघा जागच्या जागी आहेत, एकही नट हललेला नाही. विमा कंपनीला मेल टाकला, उत्तर अजून नाही.

आणि हो, हरवलेला तो नट आज मिळाला. गॅरेजवाल्याने खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं तर त्यात पडलेला होता, सोबत २०१९ सालचा एक रुपया आणि गाडी घेतल्यापासून हरवलेली एक गोटी.

सिन्नरकर (बुधवार, रात्री ९:१०)

कितीची गोटी?

घाटवळण (बुधवार, रात्री ९:१२)

चौदाची. मी दोन वर्षं दुसऱ्या चौदाच्या गोटीने काम केलं, ती काल सातपूरच्या काकांकडे राहिली होती आणि मला वाटत होतं त्यांची आहे.

टूलरूमकाका (गुरुवार, सकाळी ६:४५)

माझीच आहे. डायल गेजही परत पाठव.